बांधाचा पहिला तास

मला राग फार लवकर येतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या गोष्टीत मी तीन वेळा ओरडले आहे आणि त्यातल्या दोन वेळा चूक माझी नव्हती. शेतकी खात्यात नोकरी लागली तेव्हा आमची माई म्हणाली होती, "बरं झालं इरावती, रानात ओरडलीस तर निदान कुणाला ऐकू जाणार नाही." माईने आंबेखोल पाहिलेलं नव्हतं. तिथे अलीकडच्या उतारावर कुणी शिंकलं की पलीकडच्या उतारावरून विचारतात, सर्दी झाली काय.

२००२ साली मी गारगोटीच्या कचेरीत कृषी सहायक होते आणि आंबेखोल माझ्या वाट्याला आलं होतं. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक रानं. पाऊस दांडगा, त्यामुळे दरवर्षी चांगली माती उठून ओढ्याला जायची. त्या साली सरकारने माती अडवणाऱ्या बांधांसाठी अनुदान दिलं. मजुरी सरकारची, दगड सरकारचे. शेतकऱ्याने फक्त बांधापुरती जागा द्यायची आणि कागदावर सही करायची. फुकट मिळतंय म्हटल्यावर लोक रांग लावतील असं मला वाटलं. मी नवीन होते.

सही सगळे द्यायला तयार होते. जागा कुणीच नाही. आमच्याकडे बांध घालण्यापेक्षा बांध कोरण्याची परंपरा मोठी आहे. नांगरताना बांधाकडेच्या शेवटच्या तासाला, म्हणजे नांगराच्या शेवटच्या ओळीला, मूठ जराशी कलती करायची, एवढंच. वीतभर माती आपल्या रानात येते. याला कुणी चोरी म्हणत नाही. चोरी करणारा निदान आजूबाजूला बघतो. बांध कोरणारा बिडी ओढत, बैलाशी गप्पा मारत कोरतो, आणि पलीकडचा शेतकरी त्याच्या बाजूने तेच करत असतो. दोघेही मनापासून समजतात की आपण फक्त गेल्या वर्षीची फेड करतोय.

तरी हातापाया पडून आणि थोडं डोळे वटारून मी अकरा बांध करून घेतले. बारावा अडकला. त्याच्या वरचं रान पिराजीचं, खालचं महालिंगचं.

त्यांच्या वडिलांच्या वेळी म्हणे या बांधावरून बैलगाडी जायची. मी पहिल्यांदा पाहणीला गेले तेव्हा एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत, दोन्ही हात पसरून, सर्कशीतल्या मुलीसारखी चालले, आणि तरीही महालिंगच्या उसात पडले. उसाचं पातं गालावर ओढलं गेलं. तेव्हा मी पहिल्यांदा ओरडले. दोघेही धावत आले आणि बांधाची ही दशा समोरच्याने कशी केली ते मला एकाच वेळी सांगू लागले. एकमेकांकडे मात्र कुणी पाहिलं नाही. त्यांच्यात अकरा वर्षं अबोला होता.

महालिंगचं चावडीजवळ किराणा दुकान होतं. गोरा, गोल, कपाळाला विभूती, आणि हिशेबाला पक्का माणूस. पिराजी अबोल्यापायी त्या दुकानाची पायरी चढत नसे. चहापूडसुद्धा गारगोटीहून एसटीने आणायचा. काळा, काटकुळा, आणि हट्टाने बोलायचा. खरं सांगायचं तर मला दोघेही आवडायचे, पण पिराजीची मला काळजी वाटायची. कारण बांध पातळ झाल्यापासून दर पावसाळ्यात फुटत होता, आणि फुटला की पिराजीची माती सरळ खाली महालिंगच्या रानात. खाली ऊस असा माजला होता की आत माणूस शिरला तर दिसत नव्हता. वर पिराजीच्या रानात निम्म्या भागात मुरूम उघडा पडलेला. भुईमूग लावला तर शेंगा धरायच्या, आत दाणा नाही. पिराजीला दुसरं रान नव्हतं. अजून दोन पावसाळे, आणि तिथे फक्त खडी फोडता आली असती. त्याची बायको तानाबाई म्हणायची, "आमचं रान दरसाल सासरला जातंय, म्याडम. माघारी काय येत न्हाय."

बांधाचा पायथा सहा फुटांचा हवा होता. तीन फूट वरच्याने सोडायचे, तीन खालच्याने. दोघांची सही एकाच कागदावर. आणि नियमाप्रमाणे बांधाला लागणारी माती वरच्या बाजूने खणायची. हा नियम करणाऱ्याने पिराजीचं रान पाहिलेलं नव्हतं.

मी पिराजीला दंडाला धरून महालिंगच्या दुकानापर्यंत आणलं. पायरीशी आल्यावर तो दुकानाकडे पाठ करून उभा राहिला.

"म्याडम, त्येस्नी सांगा," तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "तीन फूट मी देतो. पर माती माझ्या रानातली घ्यायची न्हाय. माझी माती आदीच त्येंच्या उसात जाऊन बसल्या."

महालिंग साखर जोखत होता. त्याने मान वर केली नाही. "म्याडम, त्येस्नी सांगा, मी काय त्येंच्या मातीला पत्रिका धाडली नव्हती. ती तिच्या पायानं आली."

"तिच्या पायानं? मग बांध कुणी खाल्ला, इचारा."

"वरनं कुणी खाल्ला, ते बी इचारा."

"खालनं आदी सुरू झालं म्हणावं."

"वरचं बघूनच खालचं सुरू झालं म्हणावं."

दोघांमध्ये एक पोतं होतं, तांदळाचं. मी त्या पोत्यापाशी उभी राहून मान इकडून तिकडे फिरवत होते. पाच मिनिटांनी मानेला रग लागली आणि मी दुसऱ्यांदा ओरडले. "अहो, तुम्ही दोघं तीन फुटांवर उभे आहात! एकमेकांना ऐकू येतंय!"

"येतंय की," पिराजी मला म्हणाला.

"येतंय, येतंय," महालिंगही मलाच म्हणाला.

हे सगळं आतून महालिंगची बायको शिवगंगाकाकी ऐकत होती. निपाणीकडची बाई. आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"अय्यो, किती वेळ ह्यो तमाशा? खरं बोला की जरा!" ती नवऱ्यावरच घसरली. "दरसाली पाऊस उघडला की पयलं रानात कोण पळतंय? मला हाक मारून कोण दाखिवतंय, शिवगंगा, ह्यो बघ पिराजीचा गाळ, नुसतं लोणी हाय म्हणून? मग द्या की त्यातलंच लोणी बांधाला!"

महालिंगचा हात तराजूवरच थांबला. गिऱ्हाईकाच्या पिशवीत साखर पडत राहिली. तो माणूस शहाणा, काही बोलला नाही. अकरा वर्षांत महालिंगच्या दुकानात जास्त माल मिळालेला तो पहिलाच.

महालिंगने कागद ओढून घेतला आणि सही केली. माती त्याच्या बाजूने खणायचं मी माझ्या जबाबदारीवर लिहून घेतलं. पिराजीने रस्त्याकडे तोंड ठेवूनच हात मागे केला, मी त्यात पेन दिलं, आणि त्याने न बघता सही केली. ती सही महालिंगच्या नावावर चढली होती, पण मी ती चालवून घेतली.

मार्च लागताच काम सुरू झालं. गावातल्या बायका पाट्या उचलत होत्या. पिराजी रोज येऊन उभा राहायचा आणि पाटी ओतली की त्यातली मूठभर माती घेऊन चुरडायचा. "ही माझी," तो म्हणायचा. पुढची पाटी. "ही बी माझीच." एखाद्या पाटीचा वास घेऊन, "ही न्हवं. ही त्येंच्यातली हाय, पांढरट." पलीकडून महालिंग मला म्हणायचा, "म्याडम, त्येस्नी सांगा, पांढरट घेऊ नका म्हणावं. ती माझी ठेवा." मी रागाने लाल झाले पण ओरडले नाही. तेवढा संयम मला जमतो हे मलाही तेव्हाच कळलं.

वीस मार्चला बांध उभा राहिला. रुंद, उंच, वर चालताना हात पसरावे लागत नाहीत असा. पिराजी त्यावर एकदा या टोकाकडून त्या टोकाला, एकदा त्या टोकाकडून या टोकाला असा चालून आला आणि मग तिथेच बसला.

पण काम पुरं झालं नव्हतं. बांधाच्या टोकाला दगडी सांडवा बांधायचा होता. जादा पाणी बाहेर काढून द्यायला वाट असावी लागते, नाहीतर दांडगा पाऊस आला की पाणी बांधच फोडतं. आणि नवा बांध फुटला की त्याची भुसभुशीत माती तर जातेच, सोबत रानाचीही जाते. सांडव्याचे पैसे तपासणी झाल्यावर येणार होते. तपासणी मार्च संपण्याआधी. साहेबांनी नापास केलं किंवा पैसे परत गेले, तर पिराजीचं रान आधीपेक्षा वाईट होणार होतं. हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे साहेब व्हय म्हणाला तर रान ऱ्हातंय," तो म्हणाला. मी हो म्हटलं.

अठ्ठावीस तारखेला साहेब कोल्हापूरहून जीपने आले. गळ्यात कॅमेरा, हातात टेप. साहेब भले होते. गावाबद्दल त्यांना आदर फार आणि माहिती बेताची. त्यांनी पायथा मोजला. सहा फूट एक इंच. उंची बरोबर. त्यांनी वहीत आकडे लिहिले आणि माझ्या जिवात जीव आला. एवढ्यावर ते गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"एक फोटो घेऊ," साहेब म्हणाले. "शेतकरी नांगरतोय आणि शेजारी बांध. बैल आहेत का?"

बैल होते. चिमण्या आणि पाखऱ्या. पिराजीने खंगाळून ठेवलेली टोपी घातली, बैल जुंपले आणि बांधाच्या कडेने नांगर धरला. सारा गाव वर उभा होता. महालिंग आपल्या बाजूला हाताची घडी घालून उभा होता, शिवगंगाकाकी त्याच्यामागे.

मी पिराजीचे हात बघत होते. मूठ सरळ होती. कलली नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. पण चिमण्या बांधाकडच्या अंगाला होता. आणि चिमण्याला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती. बांधाकडेचा तास आला की एक पाऊल वर चढायचं. त्याला अनुदान कोण सांगणार? समोर बांध दिसला, तोही केवढा मोठा. चिमण्या मनापासून चढला.

"आर्र! बाजूला! बाजूला हो की!" पिराजी ओरडत होता. चिमण्याला वाटलं मालक खूश झालाय. तो आणखी जोरात गेला. फाळ नव्या मातीत सपकन शिरला आणि बांधाची कड पावाच्या लादीसारखी सुटून पिराजीच्या रानात पडत गेली. नांगर थांबला तोवर पंधरा-वीस पावलं निघून गेली होती.

साहेबांनी कॅमेरा खाली घेतला. "हे काय? हा माणूस बांध नांगरतोय!" ते म्हणाले, आणि त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. अनुदानाच्या बांधाला मालकानेच धक्का लावला तर काम रद्द, हा नियम मला पाठ होता.

पिराजीने मूठ सोडली. टोपी काढून हातात घेतली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तो आपल्या रानाकडे बघत होता, सगळ्या रानाकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला तो माणूस त्या क्षणी बघवला नाही.

आणि मग माझं लक्ष महालिंगकडे गेलं. अकरा वर्षं तो म्हणत होता की वरून पिराजी कोरतो. आज सरकारी साहेबाने, भर दिवसा, गावासमक्ष, डोळ्यांनी पाहिलं होतं. याहून मोठा साक्षीदार त्याला मिळणार नव्हता. महालिंगने हाताची घडी सोडली. चिमण्याकडे बघितलं. मग एक पाऊल पुढे आला.

"साहेब, पेन ठेवा," तो म्हणाला. "रीत हाय आमच्याकडं. नव्या बांधाला पयला तास बांधातनंच काढायचा. बैलाचं पाऊल लागल्याबिगर बांध टिकत न्हाय."

शिवगंगाकाकीने उभ्या आयुष्यात असली रीत ऐकली नव्हती. पण तिला फार तर अर्धं मिनिट लागलं. "हळदकुंकू आणायचं ऱ्हायलंच बघा!" म्हणत ती दुकानाकडे पळाली आणि नारळ घेऊन आली. तानाबाईने बैलांच्या पायांवर पाणी घातलं. शिवगंगाकाकीने बांधाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि सगळ्यांत आधी खोबऱ्याचा तुकडा साहेबांच्या हातावर ठेवला.

साहेबांचा चेहरा पालटला. "वा!" ते म्हणाले. "मातीशी केवढं नातं! हे नोंदवलंच पाहिजे." आणि त्यांनी खरोखरच वही काढून लिहून घेतलं. महालिंगने हळूच श्वास सोडला. तो जरा लवकर सोडला.

"पण बांध तर दोघांचा ना?" साहेबांनी विचारलं. "मग खालूनही तास निघायला हवा. तुमचे बैल आणा. दोन्ही फोटो घेऊ."

"आं?" महालिंग म्हणाला. "म्हंजे, आमची बैलं जरा... ऊन लागलंय त्येस्नी."

"आणा, आणा. रीत म्हणजे रीत."

महालिंगचे बैल आले. त्याचा हिऱ्या तर चिमण्याच्या वरताण निघाला. त्याला हाकावंही लागलं नाही. बांध बघताच त्याने आपण होऊन पाऊल टाकलं, मान खाली घातली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत असा देखणा, एकसारखा तास काढला की कुठल्याही स्पर्धेत पहिला नंबर यावा. तानाबाईने तोंडात पदर कोंबला. महालिंग नांगरामागून चालत होता आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मोजमाप रीतीच्या आधीचंच धरतो," साहेब म्हणाले, आणि सही करून जीपमध्ये बसले.

जीप वळणाआड गेली आणि गाव खो खो हसायला लागलं. ते दोघे हसले नाहीत. दोन खोरी आली. पिराजी वरच्या बाजूने आणि महालिंग खालच्या बाजूने पडलेली माती परत बांधावर ओढू लागले. मी जवळच उभी होते. पिराजी खोऱ्यावर टेकून म्हणाला, "महालिंगा."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने ते नाव माझ्यामार्फत न पाठवता घेतलं.

"का वाचिवलंस?"

"तू मूठ सरळ धरलीतीस," महालिंग म्हणाला. "मी बघत हुतो. बैल गेला, तू न्हाय गेलास."

"व्हय. त्या चिमण्याला असली खोड कुणी लावली, कुणास ठावं."

"माझ्या हिऱ्याला ज्यानं लावली, त्यानंच."

पिराजीने मान हलवली. दोघे पुन्हा माती ओढू लागले. आणि मी तिसऱ्यांदा ओरडले. "अहो मग अकरा वर्षं काय करत होतात?" असंच काहीतरी ओरडले, आणि लगेच मला रडूही आलं. ओरडायचं काहीच कारण नव्हतं. ही माझी चूक.

एप्रिलात सांडवा झाला. जूनमध्ये नांगरट कशी चाललीय ते बघायला गेले, तर पिराजी नांगर धरून होता आणि महालिंग बांधावरून, चिमण्याचा कासरा घट्ट ओढून धरत, बैलाला बांधापासून लांब ठेवत चालला होता. चिमण्या दर चार पावलांनी बांधाकडे मान वळवून आशेने बघत होता.

"बैलाला नवी सवय लागंपतोर धरतोय काय?" मी विचारलं. त्यांच्यात राहून माझीही भाषा बिघडली होती.

"बैलाचं काय न्हाय वो," महालिंग बांधावरून म्हणाला. "मी पिराजीवर ध्यान ठेवायला आलोय."

"आणि तुझ्या नांगरटीला तुझ्यावर कोण ठेवणार?" पिराजी नांगरामागून म्हणाला. "मीच की."

त्याच आठवड्यात कचेरीत परिपत्रक आलं. नव्या बांधावर स्थानिक परंपरेनुसार 'पहिला तास' अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत काढावा आणि दोन्ही बाजूंचे फोटो जोडावेत. पुढची दोन वर्षं आमच्या भागातल्या प्रत्येक नव्या बांधावर बैल चढवले गेले. शेतकऱ्यांना एवढं आवडलेलं परिपत्रक मी पुन्हा पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये पाऊस चार दिवस मुक्कामाला होता. पाचव्या दिवशी छत्री घेऊन मी आंबेखोलला पोचले. मला धडकी भरली होती. बांध जागेवर होता. वर पिराजीच्या रानात पाणी थबकून, मुरून उरलेलं हळूहळू सांडव्याकडे चाललं होतं, आणि मुरमावर बोटभर नवा गाळ बसला होता. पिराजी त्या गाळात अनवाणी उभा होता आणि मूठभर घेऊन चुरडत होता. या खेपेला ती कुणाची हे त्याने सांगितलं नाही.

खाली सांडव्यापाशी महालिंग उकिडवा बसला होता. त्याने पडत्या पाण्याखाली ओंजळ धरली, उजेडाकडे नेऊन निरखून पाहिली. दरवर्षी वरून तांबडा चिखल यायचा. पाणी नितळ होतं.

"म्याडम," तो खिन्न होऊन म्हणाला, "त्येस्नी सांगा, यंदा माती आली न्हाय."

"तुम्हीच सांगा की," मी म्हटलं. "वर उभे आहेत."

महालिंगने मान वर केली. "पिराजीऽ! यंदा नुसतंच पाणी हाय रं!"

"चहा कर त्येचा," वरून पिराजी ओरडला. "पूड तुझ्या दुकानातनंच आणलीया."